आठव्या महिन्यातली पाठ

आठवा महिना लागला आणि माझी पाठ माझं ऐकेनाशी झाली. बसलं की कळ, उभं राहिलं की कळ, कुशीवर वळायचं तर आधी देवाचं नाव घ्यायचं. हिंदी मुलखात, लष्कर नावाच्या वस्तीत आमचं बिऱ्हाड, यजमान दरबारच्या कचेरीत, दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांचं पहिलं मूल आठव्यातच गेलेलं. पाठ दुखते म्हटल्याबरोबर त्यांनी मला पलंगावर घातलं. "बस, पडून राहा. हिलू नकोस!"

आठ दिवस मी लोळले. दुखणं दुप्पट झालं. आठव्यातलं मूल टिकत नाही, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. राग सासूबाईंवर काढत होते, पण खरं म्हणजे भीतीनं माझी गाळण उडाली होती.

नवव्या दिवशी सकाळी कळ अशी आली की मी किंचाळलेच. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. टांगा पाठवून त्यांनी सुईणीला आणवलं. म्हातारीनं पोट चाचपलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "उठो बहूजी, पोंछा लगाओ."

"हमारी बहू पोंछा लगाएगी?" सुनेनं फरशी पुसायची म्हटल्यावर सासूबाई कडाडल्या. एवढ्या घाबरल्या होत्या, तरी घराण्याचा तोरा काही सुटेना.

"तो मत लगवाओ. पर हाथ-घुटने टेककर चलेगी ज़रूर."

मी गार फरशीवर हात-गुडघे टेकले. कमरेवर हात ठेवून ती सांगत गेली, "पीठ ऊपर... अब ढीली." पोट खाली झुकलं आणि पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं वाटलं. समोरच्या भिंतीपर्यंत रांगत जाईतो कळ ओसरली.

"गया दर्द?"

"गया," म्हणताना मला रडूच फुटलं.

"तो ये जच्चगी का नहीं था. वो ऐसे नहीं जाता. बच्चा अपने टेम पे आएगा." म्हणजे या बाळंतपणाच्या कळा नव्हत्याच.

सासूबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. मग सुईणीला पोटभर जेवू घातलं, आणि तिच्याहून जास्त त्याच जेवल्या. त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दार लावलं. मी खाली टेकले, तर त्याही पदर खोचून माझ्या शेजारी गुडघ्यांवर आल्या.

"तुम्ही कशाला, आई?"

"माझं पहिलं गेलं ना, तेव्हापासून माझी पाठ दुखते आहे गं," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगितलंच नाही."