सभापतींचा राजीनामा

सभापतींनी मतदान घेतल्याशिवाय आमच्या खोलीतला एसीसुद्धा कधी कमी-जास्त केला नाही. बाहेर अंगाची लाहीलाही होत असायची आणि हा माणूस विचारायचा, "ठरावाच्या बाजूने कोण? विरोधात कोण?"

कुवेतमध्ये सालमियातल्या त्या खोलीत आम्ही आठ जण राहत होतो. सगळे कोकणातले, सगळे कंत्राटावर, सगळ्यांची बायकामुलं गावाला. सभापती हे आम्हीच ठेवलेलं नाव; ते सुतार होते, माझ्याच गावचे. शुक्रवारी सकाळी चहा झाला की ते खाटेवर मांडी घालायचे आणि लाकडी हातोडी पत्र्याच्या डब्यावर आपटायचे. एरवी अस्सल मालवणी बोलणारा माणूस सभेत मात्र वर्तमानपत्रासारखा बोलायचा. "विषय क्रमांक एक. आज मासे की मटण?" आम्ही हात वर करायचो, ते मोजायचे. स्वतः कधी हात वर करायचे नाहीत. सभापतीने मत द्यायचं नसतं म्हणे. त्यांचा जीव मटणावर, आणि माशांचं बहुमत झालं की मुकाट्याने काटे काढत बसायचे. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

लोकशाहीचं हे वेड त्यांनी कुठून आणलं होतं देव जाणे. गावात ओढ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव होता. पूल बांधून देतो म्हणणाऱ्या उमेदवाराला मत द्यायला सभापती त्याच साकवावरून गेले होते. तो निवडून आला. साकव जिथल्या तिथे राहिला. शहरात जिथे ते काम करत, तिथला इजिप्तचा मुकादम एकदा त्यांना म्हणाला, "तुझ्याकडे मत आहे ना? मग तू इथे का आलास? इथे कोणी मला काही विचारत नाही, पण नळाला पाणी आहे, रस्ता आरशासारखा आहे." पुढच्या शुक्रवारी मासे-मटण बाजूला ठेवून सभापती आम्हाला म्हणाले, "तो म्हणतो ते खोटं नाही. आपल्याकडे पूल नाही. पण पूल नाही हे चव्हाट्यावर ओरडून सांगता येतं, आणि सांगणारा संध्याकाळी घरी जेवायला असतो." त्यांच्या लेखी ही फार मोठी गोष्ट होती. आम्हाला भूक लागली होती.

मग नव्वदच्या ऑगस्टात कुवेतमध्ये इराकचं सैन्य शिरलं. सकाळी उठलो तर रस्त्यावर रणगाडे. सभापती खिडकीत उभे राहून बराच वेळ बघत होते. "एका माणसाच्या डोक्यात इला," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याक इचारूक लागला नाय." कामं बंद पडली. पावासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. सभा रोज व्हायला लागली.

बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला माणसं जायला लागली होती. एका गाडीत आम्हाला जागा मिळाल्या. सात. आम्ही आठ. पुढची गाडी कधी, ते कोणी सांगेना. चिठ्ठ्या टाकू या, असं एक जण म्हणाला. सभापतींनी मान हलवली. "चिठ्ठ्या म्हणजे जुगार. माणसांनी विचार करून ठरवायचं."

आम्ही विचार केला. खोलीत दादू नावाचा एक म्हातारा गवंडी होता. सगळ्यांत शेवटी आलेला, आमच्या तालुक्यातला नसलेला, गुडघ्याने अधू. कोणीतरी म्हणालं, दादूला वाळवंट झेपणार नाही, त्याला मागाहून येऊ दे. ठराव मी मांडला नाही, एवढंच माझ्यापाशी सांगण्यासारखं आहे.

"ठरावाच्या बाजूने कोण?"

एक हात वर गेला, मग दुसरा. मी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि माझाही वर केला. शेवटी दादूने स्वतः हात वर केला. सगळ्यांचे वर होते म्हणून.

"विरोधात कोण?" सभापतींनी हे तीनदा विचारलं. आम्ही जमिनीकडे बघत होतो.

"ठराव एकमताने मंजूर," ते म्हणाले. हातोडी आपटली नाही, डब्यावर नुसती ठेवली. "सभेचा ठराव सभापतीला मोडता येत नाही. राजीनामा देता येतो. तो मी देतो. माझी जागा दादूची."

आम्ही पाया पडलो, हात जोडले. ऐकलं नाही. गाडीशी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता तोंडावर थुंकतील. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चूक माझी रे. सगळ्यांदेखत हात वर करूक लावलंय. गुप्त मतदान घेतलं असतंय, तर तुझो हात खाली ऱ्हवलो असतो. माका म्हायत आसा." मग दादूची वळकटी वर चढवून दिली. "मी फुडच्या गाडयेन येतंय."

दादू सुखरूप घरी पोहोचला. सभापती आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. युद्ध संपल्यावर कोणी सांगितलं, शहराबाहेर सुलैबियाकडे दिसले होते. कोणी सांगितलं, ते दुसरेच कोणी होते.

पुढच्या वर्षी निवडणूक लागली. साकवावरूनच शाळेत गेलो. बायकांच्या रांगेत वहिनी होत्या, सभापतींच्या पत्नी. कारकुनाने यादीत त्यांच्या नावाखाली पट्टी ठेवली, वरचं नाव सभापतींचं होतं, आणि विचारलं, "ह्या वरचा नाव? हे नाय इले?"

"येतले," वहिनी म्हणाल्या, आणि बोट पुढे केलं.

माझी पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशाला शिक्का घेऊन उभा राहिलो. तिथे मला कोणी बघत नव्हतं. त्या दिवशी असा आडोसा असता, तर मी खरंच दादूच्या बाजूने मत दिलं असतं का? सभापतींना खात्री होती. मला नाही. डोळ्यांतल्या पाण्याने कागदावरचं एकही चिन्ह दिसेना. बाहेरून कारकून ओरडला, "झाला काय हो?"

वहिनींना मी सांगितलंय, की सभापतींनी आपली जागा दादूला दिली. त्यांना त्याचा अभिमान आहे, आल्यागेल्याला सांगतात. हात कोणी कोणी वर केले होते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलेलं नाही.