बिनभाषणाचं लग्न

आमच्याकडं मुहूर्त पत्रिकेत असतो आणि लग्न माईकवर लागतं. जुन्नर-आंबेगावात ज्यानं एक तरी लग्न जेवलंय त्याला हे सांगायला नको. मुहूर्त साडेबाराचा असला, तरी अंतरपाट धरायला दोन वाजतात. मधल्या वेळात आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि ज्यांना कुठलंच पद मिळालं नाही ते 'सामाजिक कार्यकर्ते', अशा सगळ्यांचं आगमन, स्वागत आणि आशीर्वाद उरकायचे असतात. हे उरकणारा माणूस म्हणजे माईकवाला. आमच्या पंचक्रोशीत तो मी.

हा माझा धंदा नाही, नाद आहे. धंदा टोमॅटो आणि कांद्याचा. पिंपळवंडीच्या शिवारात माणसाला एक तरी नाद असावाच लागतो. कुणाला बैलगाड्याचा, कुणाला भजनाचा, कुणाला निवडणुकीत पडायचा. मला बोलायचा. तरुणपणी एका मित्राच्या लग्नात ठरलेला माईकवाला आला नाही, म्हणून माईक माझ्या हातात दिला. तो परत घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. बदल्यात नारळ, टॉवेल आणि टोपी मिळते. आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणलेला नाही. आमची मंडळी म्हणते, "खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आभाळातलं बारीक बारीक ऐकतात म्हणं. तुमचा आवाज मधी घुसला तर तुमच्यावर केस व्हईल."

ह्या कामात खरी कसोटी आवाजाची नसते, आठवणीची असते. एकही नाव राहता कामा नये. जेवणात मीठ कमी पडलं तर आमचा माणूस चालवून घेईल, पण माईकवर नाव राहिलं तर जन्मभर तोंड बघणार नाही. शेजारच्या गावात नवरदेवाच्या आत्याच्या मालकांचं नाव राहिलं, तर ते न जेवता उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी बांधावरची वाट काट्या टाकून बंद केली. माझ्याकडून असं कधी झालं नाही, आणि याचा मला गर्व होता. होता कशाला, आहे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. ती पुण्यात कंपनीत आहे. मुलगा तिनंच शोधला, मंचरच्या पलीकडचा. मी फक्त पसंत केला. काळ बदललाय, आपणही जरा सरकून बसावं, एवढं मला कळतं. पत्रिका छापून आल्या आणि पहिली पत्रिका गणपतीला द्यायला आम्ही तिघं लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढताना आमच्या मंडळींचा गुडघा बोलायला लागला, म्हणून निम्म्यात कठड्यावर टेकलो. तिथं लेकीनं विषय काढला.

"पप्पा, माझ्या लग्नात भाषणं नकोत."

"भाषणं कुठं असतात? आशीर्वाद असतात."

"तेच. तेही नकोत. आणि माईक तुम्ही हातात घ्यायचा नाही."

मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलं, "मग मी करू काय लग्नात? पत्रावळ्या उचलू?"

"माझ्यामागं उभे राहा," ती म्हणाली. "लहानपणापासून बघतेय. कुठल्याही लग्नात तुम्ही स्टेजच्या कोपऱ्यात, माईक धरून, पाहुण्यांकडं तोंड करून. अंतरपाटाच्या वेळी मी मागं वळले तर तुम्ही दिसायला पाहिजेत." मग आईकडं वळून म्हणाली, "आणि तू पण. तुळशीपाशी जायचं नाही."

आमच्याकडची रीत अशी की मंगलाष्टका सुरू झाल्या की नवरीची आई मांडवातून उठून तुळशीला पाणी घालायला जाते. पोरीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. आईचीच दृष्ट लागते म्हणतात. म्हणजे सगळं गाव बघतं, आणि जिनं नऊ महिने वाहिली ती तेवढी पाठमोरी. मीही हे किती लग्नांत पाहिलं, पण त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नव्हतं. आमची मंडळी लेकीला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गुडघा चोळत उठली आणि "चला, ऊन होतंय" म्हणाली.

मला मात्र राग आला होता. उतरताना एका माकडानं प्रसादाची पिशवी ओढून नेली, तेव्हा तो सगळा मी माकडावर काढला. घरी आल्यावरही धुसफूस चालूच. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात घसा बसेपर्यंत बोललो आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात मुका होऊन उभा राहू? लोक काय म्हणतील? आठवडाभर हेच पुराण ऐकून आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं काय, एक माईक सोडायचाय. माझ्या आईला कोण सांगणार?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या, भातखाचरात वाकून कंबर गेलेली, पण रीतभात म्हटलं की ताठ. नात्यात कुठंही लग्न असो, नवरीच्या आईला तांब्या भरून देण्याचं काम त्यांचं. त्यांच्यापुढं रीत मोडायची हिंमत आमच्या घरात कुणाची नाही. माझी तर नाहीच नाही. मी म्हटलं, "मी सांगून बघू का?" ती म्हणाली, "तुमी नका सांगू. तुमी भाषण कराल."

मी माईक सोडायला तयार झालो, तर इकडं भावकीतले माझे एक चुलते रुसले. सोसायटीचे माजी चेअरमन. संसाराच्या रथाची दोन चाकं हे भाषण ते मी लहान असल्यापासून करतायत आणि ती चाकं अजून कुठं पोचलेली नाहीत. म्हणाले, "मला बोलू देणार नसशील तर मी यिऊ कशाला? जेवायला?" मी म्हटलं, "काका, माझ्यासंगं गेटवर उभे राहा. माईकवरचं हजार माणसं ऐकतात आणि कुणीच ऐकत नाय. गेटवर एकेकाचा हात धरून बोला." ते "बघू" म्हणाले. आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही.

पण लग्नाच्या दिवशी आले. कडक इस्त्री, फेटा, कपाळाला गंध. सकाळपासून आम्ही दोघं कार्यालयाच्या गेटवर. या पावणं, या. नावं मला सगळी पाठ होतीच, पण एक गोष्ट नवीनच कळली. माईकवर नाव घेतलं की आपलं काम संपतं. गेटवर तो माणूस समोर उभा असतो. मग गुडघा कसा आहे, पोराला नोकरी लागली का, एकटेच कसे आलात, हे विचारावं लागतं. एका म्हाताऱ्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. ह्याच्या नावाचा मी किती वेळा पुकारा केला असेल, पण याच्याशी बोललो कधीच नव्हतो. मला ते काम आवडायला लागलं, हे कबूल करतो.

मुहूर्ताला पाचच मिनिटं उरली आणि आम्ही दोघं आत स्टेजपाशी पोचतोय तोच एक मोठे पुढारी आले, पाठीमागं पांढऱ्या कपड्यांची रांग. सगळं कार्यालय उठून उभं राहिलं. साउंडवाल्या पोरानं सवयीनं माईक माझ्याकडं केला. खोटं कशाला सांगू, हात पुढं गेला. लेक पाटावर उभी होती, तिनं ते बघितलं. तेवढ्यात माझ्या चुलत्यांनी माईक मधल्या मधी उचलला. झालं, आता चाकं सुटली.

चुलत्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "सायेब आलेत. सायेब, बसून घ्या. मुहूर्त झालाय." आणि माईक बंद करून सरळ भटजींच्या हातात दिला. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि राव, सगळ्यात चांगलं. पुढारीही हसले आणि मिळाली त्या पहिल्या खुर्चीत बसले.

मी धावत लेकीच्या मागं जाऊन उभा राहिलो. हात कुठं ठेवावेत तेच कळेना, इतक्या वर्षांची माईक धरायची सवय. अंतरपाट धरला. पहिली मंगलाष्टका सुरू झाली आणि सासूबाई तांब्या भरून घेऊन आल्या. तो आमच्या मंडळींपुढं धरून म्हणाल्या, "चल गं, बिगीबिगी. अक्षदा पडायच्या आत."

आमची मंडळी जागची हलली नाही. "तुळशीला सकाळीच पाणी घातलंय, आई. मी हितंच थांबणारे."

सासूबाई आपल्या लेकीकडं बघत राहिल्या. भटजींनी एक मंगलाष्टका संपवून दुसरी धरली. मग सासूबाईंनी तांब्या हळूच खुर्चीखाली ठेवला. "मग मी तरी एकटी कशाला जाऊ उन्हात," म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून आमच्या मंडळींशेजारी उभ्या राहिल्या. माझ्या मुलीनं मान वळवून मागं बघितलं. आम्ही तिघं ओळीनं उभे. ती हसली आणि पुन्हा पुढं वळली.

सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. त्या गोंगाटात सासूबाई आमच्या मंडळींच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "चार पोरी उजवल्या मी. अक्षदा पडताना एकीचं बी तोंड बघितलं न्हाई. अशाच दिसल्या असत्याल का गं?"

"बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई," आमची मंडळी म्हणाली. "मी रडत व्हते. मागं वळून तुलाच हुडकत व्हते."

सासूबाईंच्या मुठीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या बायकोच्या डोक्यावर टाकल्या.