बाबांची कुर्ली

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्यानंतर कुडाळहून आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीवाली बाई यायची. बोटं वापरली नाहीत तर कायमची आखडतील, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. तिने दिलेला स्पंजचा चेंडू बाबांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. मग भावाने मुंबईहून फोनवर एक खेळ पाठवला, तो स्वतः खेळायचा तोच. दोघांकडे तीन-तीन राक्षसी प्राणी, ते आळीपाळीने चाल करत एकमेकांशी झुंजतात. फोन उशीवर ठेवला की उजव्या बोटाने दाबता येत होतं. बाबांनी तो खेळ असा धरला की जेवायला हाक मारली तरी ओ देईनात.

बाबा रापणकार होते, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या संघाचे पुढारी. रापणीची एक रीत आहे. दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीत वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. शाळेत असताना मी एकदा तळहात सोलवटेपर्यंत दोर ओढला होता. बाबांनी सगळ्यांना बांगडे वाटले, गंमत म्हणून दोराला लोंबकळलेल्या दोन पर्यटकांनासुद्धा. मला म्हणाले, "घरच्यांका कसलो वाटो?" लोक हसले. बाबांना असं हसवायला नेहमीच छान जमायचं.

खेळात त्यांनी खेकड्यासारखा एक प्राणी निवडला. त्याचं परदेशी नाव त्यांच्या वळत नसलेल्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्याकडे खेकड्याला म्हणतात तशी ती कुर्ली झाली. भाऊ फोनवर म्हणाला, हा प्राणी कुणी घेत नाही, याच्या माराला दम नाही. बाबांना मारायचं नव्हतंच. पहिल्या चालीला ते समोरच्याला विष द्यायचे आणि दुसऱ्या चालीला कवचात शिरायचे. विष दर चालीला थोडं थोडं चढतं, देणारा प्राणी मागे घेतला तरच उतरतं. समोरचा कवचावर डोकं आपटत बसतो, तोवर कुर्ली आत निवांत. मध्येच बाहेर येऊन चिखल खायची, अंग भरून काढायची आणि पुन्हा आत. बघणाऱ्याला कंटाळा यावा असा तो खेळ, पण सापडलेल्याची सुटका नव्हती.

दुपारी माझ्या फोनवरून मीच बाबांशी खेळायचे, त्यामुळे त्यावरचा उपाय मला लवकरच सापडला. एक लोखंडी प्राणी होता, त्याला विष लागत नाही. दुसऱ्या एकाला 'डिवच' ही चाल येते, आणि डिवचलेल्या प्राण्याला कवचात जाताच येत नाही, त्याला चावावंच लागतं. कवचाबाहेरची कुर्ली म्हणजे काहीच नाही. मी एक डाव जिंकले. बाबांनी पुढचे कितीतरी दिवस फोनकडे बघितलंसुद्धा नाही आणि बोटं आत वळायला लागली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "हर गो जरा. तेंका बरा वाटता," म्हणाली.

तेव्हापासून मी हरायला लागले. बाबांसारख्या माणसाशी हरणं जिंकण्यापेक्षा अवघड आहे. उगाच चूक केली तर त्यांना लगेच वास येणार. म्हणून मी त्यांचे दोन प्राणी पाडायचे, कुर्लीला मरणाच्या दारात आणायचे, आणि नेमक्या त्या चालीला आपला धडधाकट प्राणी मागे घेऊन आजारी पुढे करायचे. डाव संपला की बाबा तिरक्या तोंडाने म्हणायचे, "तुका काय जमाचा नाय." स्ट्रोकनंतर त्यांचं सगळ्यात स्पष्ट येणारं वाक्य तेच. पर्यटकांना भाड्याने देतो त्या खोल्यांच्या चादरी धुवायच्या, बाबांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, आणि दुपारी बसून हे ऐकायचं. पण बोटं सुटत होती. ते चमचा धरायला लागले. मी मनात म्हणायचे, बोला, काय बोलायचं ते बोला.

चतुर्थीला भाऊ आला. जेवणं झाल्यावर तो बाबांच्या खाटेवर मांडी घालून बसला आणि दोघांनी डाव मांडला. मी विडे लावत होते, पण लक्ष तिकडेच. भावाचा अग्नीवाला प्राणी दिसायला रुबाबदार आणि खेळायला आंधळा. बाबांनी त्याला विष दिलं, कवचात गेले. मला माहीत होतं पुढे काय होणार. भावाचा शेवटचा प्राणी तडफडत होता, बाबांनी आणखी एक चाल नुसतं आत राहायचं होतं. बाबा बाहेर आले. धडधाकट कुर्ली मागे घेतली आणि आजारी प्राणी पुढे केला.

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. तीच चाल. रोज दुपारी मी खेळत होते तीच, इतक्या सफाईने की दुसऱ्या कुणाला कळली नसती.

"हरलात मा, बाबा," भाऊ म्हणाला. बाबा हसले. तोंडाची वाकडी बाजूसुद्धा हसली. आपल्या माणसाने जिंकावं म्हणून हरता येतं, हे त्यांना ठाऊक होतं तर. मी इतकी चिडले की विड्यात चुना जास्त पडला आणि भावाचं तोंड भाजलं. त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

गणपती गेले, भाऊ गेला. दुसऱ्या दुपारी मी बाबांसमोर बसले आणि लोखंडी प्राणी पुढे काढला. विष लागलं नाही. मग दुसरा प्राणी पुढे करून डिवचलं. कुर्ली कवचात जाईना. बाबांनी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबलं. मला एका घावात संपवता आलं असतं. मी हलके घाव घातले, प्रत्येक घावानंतर थांबून त्यांच्याकडे बघितलं. मला मजा येत होती. कुर्ली पडली तेव्हा त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"तेका जिंकाक दिलात," मी म्हटलं. "माका एकदाय नाय. कित्याक?"

मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर कळलं नाही असं दाखवतील. बाबांनी जिभेवर शब्द जुळवले.

"तो परत येवक व्हयो," ते म्हणाले. "तू काय, हंयच आसस."

त्यात राग नव्हता. तो यायला हवा, मी तर इथेच, अशी साधी व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं सांगितलं त्यांनी. दाराशी उभी असलेली आई आत निघून गेली. मी चादर बाजूला केली, त्यांचा उजवा हात उचलून फोनवर ठेवला आणि नवा डाव मांडला.

"खेळा, बाबा," मी म्हटलं. "मी हंयच आसंय."