चंद्रभागाबाईंनी न विचारलेला प्रश्न

नाशिकच्या एका रक्तपेढीत चंद्रभागा पगारे वीस वर्षं दात्यांना फोन लावत होत्या. आवाज खणखणीत, भीड कुणाचीच नाही. "येतो म्हनतो अन् हळदीत नाचाया जातो व्हय रे?" असं झापून माणसं आणायच्या. आणि माणसं यायची.

दिंडोरीच्या लंकाबाईची लेक पल्लवी, एकोणीस वर्षांची, रक्ताच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेली. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, चढवल्या की तासाभरात नाहीशा. इतक्या जणांच्या चढवून झाल्या होत्या, की तिचं अंगच परक्या प्लेटलेट मारून टाकत होतं. हिरड्यांतून रक्त थांबेना. सख्खा भाऊही जुळला नाही. गावाकडून जीप भरून पोरं आली, ती बाईंनी माघारी धाडली. "गर्दीचं काम नाय, बाबांनो. तिच्याशी जुळनारा एकच पायजे."

ज्यांच्या पेशी आधी तपासलेल्या, त्या दात्यांची यादी अकरा दिवस धुंडाळली. जुळला मालेगावचा जमील अन्सारी, यंत्रमागावरचा कामगार.

फोन ठेवण्याआधी बाई प्रत्येकाला विचारायच्या, "तीन दिसांत दुखण्याची गोळी घेतली का?" असल्या गोळीनं प्लेटलेट निकामी होतात, वाहतं रक्त थांबवत नाहीत. त्या दिवशी आनंदाच्या भरात विचारायचं राहिलं. म्हणाल्या, "जमीलभाई, उद्या ठणठणीत होऊन या बरं का!"

जमील ठणठणीत होऊनच आला. यंत्रमागापुढं उभं राहून कंबर धरली होती, म्हणून निघताना दुकानातून दुखण्याच्या दोन गोळ्या घेऊन गिळल्या. फॉर्म भरताना त्यानंच सांगितलं. बाईंना तो थोरली बहीण म्हणून 'बाजी' म्हणायचा. "बाजी, तुम्हीच बोलल्या ना, ठणठणीत या म्हणून?"

बाईंनी गोळीचं पाकीट पाहिलं आणि तशाच डॉक्टरांकडं धावल्या. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस थांबावं लागेल.

जमील मालेगावला परतला नाही. बाईंच्याच घरी राहिला. कंबर ठणकायची, पण गोळीला शिवला नाही. चहा पुढं केला तर हसून विचारायचा, "यात काही दवा नाही ना, बाजी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. संध्याकाळी गेली.

लंकाबाई दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. बाई तिच्या पायाशी बसल्या. "मी इचारलं नाय, माय. चूक माझी हाय." लंकाबाईनं त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "त्या भाऊला नका सांगू, पोर गेली म्हनून. लय लांबून आला. जिवाला लावून घेईल."

तीन दिवस भरले त्या सकाळी जमील बाईंच्याही आधी रक्तपेढीत हजर. अंघोळ केलेली, खुर्चीत बसून बाही वर सारलेली. बाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं.

जमीलनं बाही खाली केली नाही.

"पण आज मी एकदम साफ आहे, बाजी," तो म्हणाला. "तपासून तर बघा."