बारवीच्या चढावरचं लॅक्टेट

पळताना दम लागतो, बोलता येत नाही. म्हणून आमचं सगळं बोलणं परतल्यावर चहाच्या टपरीवर व्हायचं आणि दर रविवारी एखादा किस्सा वाढायचा. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला पळणारे आम्ही चौघं: मी, अंबरनाथच्या फाउंड्रीतला सुभाष, उल्हासनगर कॅम्प पाचचे कापडवाले लच्छूभाई आणि कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवणाऱ्या मेधाताई. आता मेधाताई मुलाकडे पुण्याला गेल्या, सुभाषचे गुडघे गेले, लच्छूभाई आता कॅम्पातच चालतात. मी एकटाच जातो, पण पळवत नाही.

*

पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्या ठणकायच्या. बायकोला म्हटलं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, रगडून बाहेर काढ." बिचारी रोज तेल लावायची. रविवारी ती टपरीवर आली, तेव्हा मेधाताई म्हणाल्या, "अहो, ते पळून झाल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंना बारीक इजा झाल्यामुळे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "मग आठवडाभर मी काय काढत होते?"

*

चढ संपला की सुभाष रस्त्यातच बसायचा. मेधाताई ओरडल्या, "बसू नकोस, हळूहळू चाल! जोरात पळताना स्नायूंनी लॅक्टेट बनवलंय, लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात तेच. ते इंधन आहे. चालत राहिलास तर तुझेच स्नायू ते वापरून टाकतील."

"अरे, हे तर आमच्या फाउंड्रीसारखं झालं! भंगार परत भट्टीत!" सुभाष ताडकन उठला. मग दर रविवारी तोच ओरडायचा, "बसू नका रे, भट्टी चालू आहे!"

*

एकदा चढावर आम्ही धापा टाकत होतो. पाड्यावरच्या हिराबाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आम्हाला मागे टाकून गेल्या. मेधाताई कौतुकानं म्हणाल्या, "बघा! सवयीचे स्नायू लॅक्टेट बनेल तसं वापरत जातात."

हिराबाई पुढे जाऊन थांबल्या. काळजीनं आमच्या मागचा रस्ता बघत म्हणाल्या, "कोन लागलाय मागं? मी थांबू का?"

*

मग लच्छूभाईंची बायपास झाली. कित्येक महिने आम्ही तिघंच. डॉक्टरांनी चढावर चालायला परवानगी दिली, तेव्हा ते आले खरे, पण पायथ्याशीच थबकले. "पाय तो चलेंगे, मेधाताई. पण हा?" छातीवर हात.

"पाय चालताना लॅक्टेट बनवतात ना, ते रक्तातून हृदयाकडे जातं," मेधाताई म्हणाल्या. "हृदय ते आवडीनं खातं."

लच्छूभाई चालू लागले. त्यांच्या चालीनं आम्ही सगळे चढलो. सुभाष त्या दिवशी भट्टीचं ओरडणं विसरला.

वर पोचल्यावर लच्छूभाई कठड्यावर टेकले. डोळे मिटलेले, हात छातीवर. मी धावत जवळ गेलो.

"लच्छूभाई, दुखतंय का?"

त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ! जेवतंय."