कुंपणावरची धाकली

सूर्यमाळच्या शाळेत सकाळचं खाणं कोंडी शिजवते. वरची विहीर आटली की ती खालच्या झऱ्यावरून हंड्यावर हंडा घेऊन चढते, चूल पेटवते आणि पोरं येईपर्यंत नागलीची पेज आणि उसळ तयार ठेवते. तिच्या पेजेत कधी गुठळी सापडली नाही. होळीला आठवडा उरला असताना तिने तुळशीदासला चुलीजवळ बोलावलं.

"तुळशीदादा, तुमची भाची इथलं खात नाय. घरनं भाकर आणते आन् भिंतीकडं तोंड करून बसते."

"आजारी आहे का?"

"कसली आजारी! पोरं तिला उपाशी म्हणतात. उपाशी आली, उपाशी बसली. ठाण्याला कुंपणावर तिचा फोटू लावलाय म्हणं. कामावरनं आलेली माणसं मोबाइलमधी घेऊन आली." कोंडी पेज ढवळत राहिली. "तुम्हाला ठाव असंलच."

तुळशीदासला ठाव होतं. तो चुलीतल्या लाकडांकडे बघत राहिला.

तुळशीदास पोशेरा गावचा. शाळांना हे खाणं पुरवणाऱ्या संस्थेत लागला तेव्हा त्याचं काम पोती वाहायचं होतं. जीप थांबते तिथून पाड्यावरच्या शाळेपर्यंत डाळ-कडधान्य त्याने पाठीवर नेलं. ओढ्यात पोतं भिजू नये म्हणून स्वतः भिजला. ते काम त्याने चोख केलं. मग तो पाहुण्यांशी चांगलं बोलतो असं वरच्यांच्या लक्षात आलं, आणि जव्हार-मोखाड्यासाठी देणग्या उभ्या करायचं काम त्याच्याकडे आलं. पाठीवरचं पोतं गेलं, खांद्याला बॅग आली. बोलणं हेही कामच आहे. पण पोतं उचललं की उचललं, त्यात लबाडी करता येत नाही. बोलण्यात करता येते, आणि ती केलेली लगेच कळत नाही.

गणपतीच्या आधी ठाण्याहून फोटो काढणारा आला होता. पोरांचं खाऊन झालं होतं. थाळ्या धुऊन ती अंगणात हुंदडत होती. फोटोवाला म्हणाला, "हे चेहरे चालणार नाहीत. सगळे पोट भरलेले दिसतात." तुळशीदासने धाकलीला हाक मारली. बहिणीची पोर, मामाचं ऐकणारी. तिच्या हातात रिकामी थाळी दिली. "खाली बघ. हसू नको." तिला हसू आवरेना. तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तुझी तांबूस शेळी मेली ना, ती आठव."

धाकलीला शेळी आठवली. डोळे भरले. फोटो चांगला आला.

खाली छापलं होतं, "आज हिच्या थाळीत काहीच नाही." तो फोटो दाखवून त्याने हॉलमध्ये भाषणं केली. लोक गप्प होत, बायका डोळे पुसत. देणग्या आल्या. त्याला शाल-श्रीफळ मिळालं. ही माझी भाची, असं मात्र तो एकदाही बोलला नाही. हे सांगण्याजोगं नाही, तेवढं त्याला तेव्हाच कळलं होतं.

शाळेतून तो बहिणीच्या घरी गेला. दाजी, म्हणजे कमलेश, दिवाळीनंतर ठाण्याला बांधकामावर जातो आणि शिमग्याला परततो. तो अंगणात कारवीचा कूड लिंपत होता. जुना लेप खरवडून काढलेला, माती-शेण नीट मळलेलं, कुठे फट नाही. त्याने मान वर केली नाही. बहिणीने, प्रमिलाने, पाण्याचा तांब्या आणला. भावाच्या हातात न देता त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि आत गेली.

"दाजी, मी..."

"बस. उभ्यानं बोलू नको, माझ्या उजेडात येतोस."

तुळशीदास ओट्यावर बसला. कमलेश हात मातीत बुडवून लिंपत राहिला.

"मी काम करतो त्या मालकानं तुझ्या संस्थेला पैसं दिलं. मग तुमचा बोर्ड लावला, पत्र्याच्या कुंपणावर, गेटाशीच. रोज त्याच्याखालनं आत जायाचं. पयल्या दिवशी मी म्हटलं, आरं, ही आपली धाकली! मीच सगळ्यांना सांगितलं. मला आनंद झाला रं." तो थांबला. "मला वाचता कुठं येतं. खालचं मुकादमानं वाचून दाखवलं."

तुळशीदासने तांब्या जवळ ओढला.

"मग सुरू झालं. 'क्या कमलेश, दारू में उडाता है क्या? बच्ची भूखी है तेरी.' ऑफिसातल्या मॅडमनी हाक मारली. मला वाटलं, काम गेलं. त्यांनी हा खोका दिला." मातीच्या बोटाने त्याने ओट्याच्या कोपऱ्याकडे दाखवलं. बिस्किटांचा खोका होता, न उघडलेला. "घेऊन जा. तुझ्या संस्थेत जमा कर. माझ्या पोरीच्या नावानं भीक आली हाय."

"त्या फोटोवर पुष्कळ पोरांचं खाणं चाललंय, दाजी."

"चालू दे की. माझ्या घरात नागलीच्या कणग्या भरलेल्या तू पाहिल्या व्हत्यास का नाय?"

"पाहिल्या होत्या."

"सकाळी खाल्लं व्हतं तिनं?"

"खाल्लं होतं."

"तू पोशेऱ्याचा. बोहाड्याच्या नाचात एका घरचं सोंग दुसऱ्या घरचा माणूस विचारल्याबिगर तोंडाला लावतो का? लाकडाचं तोंड ते, तरी विचारतो. तू माझ्या पोरीला कंगालाचं तोंड लावलंस. मला विचारलंस? तिच्या आयला विचारलंस?"

तुळशीदासच्या घराकडेही बोहाड्यातलं एक सोंग आहे. बाप गेल्यावर चुलत्याने ते मागायला येऊन अंगणात नारळ ठेवला होता, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. त्याला तांब्यातलं पाणी प्यावं की नाही तेही कळेना.

धाकली काटक्यांची मोळी घेऊन आली. मामाला पाहून मोळी टाकली आणि दाराआड गेली. तिथूनच बोलली.

"मी तं शेळीसाठी रडली व्हती. तू तसं का नाय लिवलंस?"

त्याने खोका उचलला आणि निघाला. वाटेत भेटलेल्या म्हातारीने विचारलं, "भाचीला बिस्कुटं का?" तो मान खाली घालून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला गेला. खोका मॅडमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "त्या मुलीचा बाप तिला पोटभर घालतो. बोर्डावरचं मी खोटं लिहिलंय." मॅडमना आधी समजेना, समजल्यावर त्या रागावल्या. संस्थेच्या साहेबांचा फोन आला. "अरे, याच फोटोवर पुढचं वर्ष उभं आहे. दुसरा कशाचा लावणार?"

"कोंडीताई पाणी घेऊन चढते त्याचा. तिला विचारून."

"त्याला कोण पैसे देणार?"

"कमी देतील. मी जास्त दारं फिरेन."

साहेबांनी फोन ठेवला. नोकरीचं काय ते काही बोलले नाहीत.

बोर्ड त्याने स्वतः काढला. काढायला माणूस मिळत होता, पण त्याने पाना मागून घेतला. गंजलेले नट फिरेनात. कितीतरी दिवसांत हाताला असं काम नव्हतं, तळव्याला फोड आले. खाली कमलेशचे सोबती तंबाखू मळत बघत होते. एकजण ओरडला, "साब, उल्टा घुमा रहे हो!" सगळे हसले. तो नट सैल करायच्या ऐवजी आवळत होता.

सूर्यमाळला तो सकाळी पोचला तेव्हा पोरं रांगेत बसली होती. धाकली भिंतीकडे तोंड करून, मांडीवर भाकर, शेजारी रिकामी थाळी. तुळशीदास मध्ये उभा राहिला. मोठमोठ्या हॉलमध्ये न अडखळणारी जीभ इथे अडखळली.

"धाकली त्या दिवशी जेवली होती. तुमच्याबरोबरच. बोर्डावर मी खोटं लिहिलं. तो आता काढलाय."

पुढे बसलेली पोशी नावाची पोर म्हणाली, "मग ती रडत का व्हती?"

"मी तिला शेळीची आठवण काढायला लावली."

"तांबूस शेळी?" मागून आवाज आला. शेळी साऱ्यांना माहीत होती. "ती माझ्या पाठीवर चढायची!" "तिचा पाय मोडला म्हणून मेली ना?"

"नाय." धाकली भिंतीकडूनच बोलली. मग वळली. "पाय नाय मोडला. जनावर चावलं तिला." आणि ती शेळीचं सांगायला लागली, कुठे चरत होती, कशी पडली. पोरं पुढे सरकली. पोशीने आपली थाळी तिच्याकडे ढकलली. ती थाळी धाकलीने बाजूला केली, स्वतःची उचलली आणि कोंडीपुढे धरली. मामाकडे पाहिलं नाही.

कोंडी डाव भरून उभी होती.

"तुळशीदादा, बाजूला व्हा. वाटेत उभे ऱ्हायलात."

तो बाजूला झाला. हंडे रिकामे दिसत होते. एक उचलून तो झऱ्याची वाट उतरू लागला.