खाणीतल्या पाण्याचा रंग

गावात त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर लोकांचे दात घडवले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण यांचं दातांवरच भरलं, आणि चांगलं भरलं.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. सारी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून घरीही ती बाईच झाली. बाईंचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "सरळ करून देऊ का?" असं नवऱ्याने कितीदा तरी विचारलं. बाई तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे." फोटोची वेळ आली की कॅमेरा पटकन आपल्या हातात घ्यायच्या. जो फोटो काढतो त्याला फोटोत यावं लागत नाही, एवढा भूगोल त्यांना पक्का येत होता. डोंगर, ढग, नद्यांची वळणं, नवरा, लेक, सगळ्यांच्या स्लाइड त्यांनी काढल्या. त्या स्वतः कशातच नाहीत.

निदान लेकीचं म्हणणं तसं होतं. कवळीवाल्यांना मात्र एक स्लाइड आठवत होती.

तेव्हा रविवारी दुपारी पडदे ओढून भिंतीवर स्लाइड बघायची घरात चाल होती. त्या स्लाइडमध्ये दगडाची एक जुनी खाण होती. खाणीत पाणी साचलेलं, हिरवं की निळं ते ठरवता येऊ नये असं. काठावर लहानगी लेक पाय सोडून बसलेली, आणि तिच्या पायांखालच्या पाण्यात वाकलेल्या बाईंचं प्रतिबिंब. डोळ्याला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याखाली मोकळं, भलंमोठं हसू. कारण नवरा नुकताच कपड्यांसकट पाण्यात पडला होता! पुढे प्रोजेक्टर बिघडला, मग बाई गेल्या. ते हसू नंतर कोणी पाहिलं नव्हतं.

आता कवळीवाल्यांनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिचं घर दोन खोल्यांचं. स्लाइडच्या डब्यांना बुरशी लागलेली, डबा उघडला की तिला शिंकांवर शिंका. "सगळं स्कॅन करा बाबा, मग डबे टाकून देऊ," असं म्हणून तिने स्कॅनर आणून दिला. सुरुवातीलाच कॉम्प्युटरने विचारलं, रंग कोणत्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे किती रंगांच्या साठ्यात ठेवायचे, लहान की मोठ्या? लेक फोनवर म्हणाली, "लहान घ्या. ती कुठल्याही फोनवर नीट दिसते. मोठीतले फोटो फोनवर मळकट दिसतात." त्यांनी लहान घेतली.

मग दुपारमागून दुपार गेली. स्कॅनर घुमायचा, त्याच्या पोटात उजेड हळूहळू सरकायचा, आणि पडद्यावर जुने ढग उतरायचे. खुर्चीत बसल्या बसल्या कवळीवाल्यांना कधी वाटायचं, आतल्या खोलीत कोणीतरी वह्या तपासतंय. ते वळून बघत नसत. स्कॅन झालेल्या स्लाइड पुन्हा डब्यांत भरून दाराशी जात होत्या.

आणि एके दुपारी खाण आली. लेक होती, दगड होते. पाणी म्हणजे नुसता सपाट पट्टा, रंग दिलेल्या भिंतीसारखा. बाई नव्हत्या.

त्यांनी स्लाइड खिडकीशी धरली. नखाएवढं चित्र, आणि म्हातारे डोळे. काही दिसेना. आपण ते हसू स्वप्नात तर पाहिलं नाही ना?

बराच वेळ बसल्यावर त्यांना आपली पट्टी आठवली. रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. माणसाच्या दाताचा रंग पट्टीत नसला की त्यातल्या त्यात जवळचा घ्यायचा. चार वेगळे दात आले, तरी चौघांना तोच एक. त्या लहान कलर स्पेसने पाण्याचं हेच केलं असणार. पाण्याचे आणि बाईंचे सगळे बारीक रंग पट्टीबाहेरचे, म्हणून सगळ्यांना एकच जवळचा रंग फासून मोकळी झाली. त्यांनी मोठी निवडली आणि स्लाइड पुन्हा घातली.

पडद्यावर तोच सपाट पट्टा.

रविवारी लेक डबे न्यायला आली. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "या पाण्यात तुझी आई आहे."

लेकीने पडद्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, नुसतं पाणी आहे हो."

"या पडद्यालाही तो रंग झेपत नसेल. पण फाइलच्या आत ती असणार."

"आणि नसली तर?"

"तर डबे घेऊन जा. मी पुन्हा बोलणार नाही."

 दाताचा रंग ठरेना की ते डोळे बारीक करून बघत. रंग विरतो, उजेड आणि सावली उरते. त्यांनी माउस धरला आणि मोठ्या स्पेसमधल्या चित्रातला रंग उतरवायला घेतला. दगड फिके पडले. लेकीचा लाल फ्रॉक राखाडी होत गेला. पाण्याचा पट्टा विरळ झाला, आणि धुक्यातून यावं तशी त्यातून एक वाकलेली बाई वर आली. डोळ्याला कॅमेरा. खाली उघडं तोंड, आणि दातावर चढलेला दात.

 लेकीचा हात स्वतःच्या तोंडाशी गेला. तिचाही दात तसाच होता, आणि हसताना तोही लहानपणापासून असाच झाकला गेला होता.

"अशी हसायची आई?"

"एकदाच. मी पाण्यात पडलो तेव्हा." ते पदराला खार लागल्यासारखे बोलले, पण डोळे भरले होते. "हा फिका तुझ्या फोनमध्ये ठेव. मोठ्या स्पेसमधला तसाच जपायचा. कधीतरी असा पडदा निघेल, ज्याला पाणीही दिसेल आणि तीही."

"आणि बाकीच्या स्लाइड?"

"त्या सगळ्या लहान स्पेसमध्ये केल्यात मी. पुन्हा कराव्या लागतील."

लेक उठली. दाराशी बांधून ठेवलेला पहिला डबा तिने सोडला, त्यात दोन्ही हात घातले आणि जोरात शिंकली. मग दुसऱ्यांदा शिंकली, आणि तिला हसू फुटलं. दोन्ही हात डब्यात होते, तोंड झाकायला एकही मोकळा नव्हता.

कवळीवाले बघत राहिले.